दाराबाहेरची चार हात जागा

घर बदललं की माणूस बदलतो का? या प्रश्नाला वास्तुशास्त्रवाले ईशान्य कोपरा दाखवतात. मला विचाराल, तर दाराबाहेर बसायला जागा आहे का, एवढंच मी आधी पाहीन.

आमच्या एका स्नेह्यांचा जन्म वरळीच्या बी.डी.डी. चाळीत गेला. १६० चौरस फुटांची खोली आणि बाहेर मधून जाणारा लांबलचक पॅसेज. खोलीत दाटी, म्हणून तांदूळ निवडणं, मुलांचा अभ्यास, भांडणं आणि लग्नं जुळवणं, सारं पॅसेजमध्ये! निवृत्तीनंतर खोली मुलाच्या हवाली करून उभयतांनी भिवपुरी रोड स्टेशनाजवळ ब्लॉक घेतला. (याच भिवपुरीच्या टाटांच्या वीजगृहानं १९२२ पासून मुंबईकरांचे दिवे लावले. आता मुंबईकरच तिकडे निघाले आहेत.)

खिडकीतून माथेरानचा डोंगर दिसतो. ही काही नुसती चैन नव्हे. रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकानं पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांच्या नोंदी तपासून १९८४ साली निष्कर्ष छापले. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधंही सौम्य पुरली. मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "सगळं खरं हो भावजी, पण डोंगर बोलत नाही!"

समोरच्या बिऱ्हाडाचं आडनाव त्यांना तीन महिने ठाऊक नव्हतं. शेजारी वाईट होते असं मुळीच नाही. पण ब्लॉकमध्ये कुणाला भेटायचं तर घंटा वाजवावी लागते, आणि घंटा वाजवायला काहीतरी कारण लागतं. खेड्यातल्या घराचा ओटा पाहा. तो धड घरात नाही, धड रस्त्यावर नाही. तिथं बसणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही, आणि जाणाऱ्याला दोन शब्द बोलल्यावाचून पुढं जाता येत नाही.

वहिनींनी भाजी निवडायला जिन्याच्या चौकात खुर्ची टाकली. आठ दिवसांत शेजारी दुसरी खुर्ची आली, मग एक मोडा. आणि मग सोसायटीची नोटीस: जिन्यात सामान ठेवू नये! नोटीस चुकीची नव्हती. आग लागली तर पळायला वाट हवीच. पण मग बसायचं कुठं? इमारतीच्या नकाशात मोटारींसाठी आखलेले चौकोन होते, माणसांसाठी एकही नव्हता.

तोडगा वहिनींनीच काढला. ब्लॉकबरोबर मोटारीची जागा मिळालेली, आणि मोटार तर नाही! कमिटीपुढं दोन बैठका वाद घालून त्या चौकोनात त्यांनी लाकडी बाकडं ठेवून घेतलं.

परवा गेलो तेव्हा उभयता खालीच सापडले. बाकड्यावर पाचजण दाटून बसलेले, समोरच्या बिऱ्हाडाच्या आजी मधोमध. मी शेजारच्या मोटारीला टेकून उभ्यानंच चहा घेतला.