कड्याचा माणूस कड्याखाली

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले कडा हे माझे गाव. नगरहून आष्टी-जामखेडकडे निघालात की वाटेत लागते. पुण्यामुंबईच्या मंडळींना हे नाव सांगितले की हमखास विचारणा होते, "काय हो, केवढा उंच आहे तुमचा कडा?" मग सांगावे लागते की, बाबांनो, कोकणकड्यासारखा पाहताक्षणी धडकी भरवणारा कडा आमच्याकडे नाही. आहे ती बाजारपेठ, ज्वारीची शेते, आभाळाकडे डोळे लावून बसलेली माणसे. आणि २०२२ च्या सप्टेंबरात नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली तेव्हापासून आमच्या नावाची पाटी मिरवणारे एक स्टेशन.

असा हा नावापुरता कड्याचा रहिवासी यंदा खऱ्याखुऱ्या कड्याखाली पाच दिवस राहून आला. तोही समुद्रापारच्या बेटावर, आणि तोही अशा हॉटेलात, की जिथे पाऊल टाकताच नोकर थंडगार ओला रुमाल आपल्या हातात ठेवतो आणि त्याचे काय करायचे हे आपल्याला चटकन सुचत नाही! आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून लेकीने नि जावयाने मॉरिशसची तिकिटे काढली. "अहो, एवढ्या पैशात गावाकडच्या विहिरीचं काम झालं असतं," असे सौ. म्हणाली खरी, पण सामान तिनेच आधी बांधले आणि चिवड्याचा डबा तळाशी घालायलाही ती विसरली नाही.

बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा कातळाचा कडा समुद्रातून एकदम वर आल्यासारखा उभा आहे. उंची ५५६ मीटर, म्हणजे अठराशे फुटांवर. त्याच्या पायथ्याशी समुद्रात घुसलेल्या भूशिरावर बडी बडी हॉटेले. पुढे पांढरी वाळू, मग पोवळ्यांच्या खडकांनी अडवून धरलेले उथळ, निळे-हिरवे पाणी. आमच्या खोलीसमोरचा पोहण्याचा तलाव तर असा बांधलेला, की तो कुठे संपला नि समुद्र कुठे सुरू झाला ते कळू नये. टँकरभोवतीची हंडे-घागरींची झुंबड पाहिलेल्या माणसाला एवढे पाणी नुसते शोभेसाठी भरून ठेवलेले बघून जरा चुकल्या-चुकल्यासारखे होते. सौ. मात्र दुसऱ्याच दिवसापासून त्यात पाय सोडून बसू लागली. सुखाची सवय लागायला चोवीस तास पुरतात, हे मी त्या दिवशी लिहून ठेवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहात साखर किती घ्यावी यावरून आमचा नेहमीचा वाद चालू असताना बागेत काम करणारे एक वृद्ध गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, "तुमी मराठी?" त्यांचे खापरपणजोबा रत्नागिरीकडून बोटीने तिथे आले होते. घरी बोली क्रिओल. मराठी उरली ती देवघरात आणि गणपतीत. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते! कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' होऊन अजून नाचली जाते, हेही त्यांनी दोन पावले टाकून दाखवले. सौ.ने चिवड्याचा डबा त्यांच्यापुढे केला, हे सांगायला नकोच.

त्यांनीच मला त्या कड्याची हकिगत सांगितली. उसाच्या मळ्यांवरून पळालेले गुलाम या कड्याच्या कपारींत लपून राहत. १८३५ साली गुलामगिरी रद्द झाली. ती बातमी सांगायला शिपायांची तुकडी वर निघाली, तेव्हा हे आपल्याला धरायलाच आले असे समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा तिथे पिढ्यान् पिढ्या सांगतात. २००८ साली युनेस्कोने हा कडा जागतिक वारसा म्हणून जाहीर केला.

गुलामगिरी गेली, पण ऊस उभाच होता. तो तोडायचा कोणी? गोऱ्या मळेवाल्यांनी हिंदुस्थानकडे पाहिले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' जहाजातून आलेली ३६ माणसे ही पुढच्या लोंढ्याची सुरुवात. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे करारावर त्या बेटावर उतरली. आपली मराठी माणसे मुंबईच्या बंदरातून गेली. एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा मळ्यांवरचा कायदा.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे बोटी नव्हत्या. कड्यावरून जाणारे ट्रक होते. आमच्या जिल्ह्यातून दर वर्षी लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पाच-सहा महिने उसाच्या फडात ती फेडायची. एका दिवसाचा खाडा पडला की दंड. हा खाडा पडू नये म्हणून बायकांनी काय काय सोसावे? २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या ब्याऐंशी हजारांवर बायकांची पाहणी केली. त्यांतल्या तेरा हजारांवर बायकांची गर्भाशये काढलेली आढळली. दिवाळी अंकात हे लिहू नये म्हणतात. पण त्यांची दिवाळीही फडातच होते, म्हणून लिहिले.

मी हे सगळे त्या गृहस्थांना सांगितले. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "त्यांची नावं कुठं लिहितात?"

प्रश्नाचा अर्थ मला परतीच्या आदल्या दिवशी कळला. राजधानी पोर्ट लुईच्या बंदरात आप्रवासी घाट आहे. बोटीतून उतरलेली माणसे जिथून वर आली, त्या दगडी पायऱ्या तिथे जपून ठेवल्या आहेत. २००६ सालापासून तोही जागतिक वारसा आहे. २ नोव्हेंबरला साऱ्या देशाला सुट्टी असते. कोणा राजाच्या जयंतीची नव्हे, तर करारावर आलेल्या मजुरांच्या आगमनाची! आणि त्या मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत सांभाळल्या आहेत. आपला पूर्वज कोणत्या बोटीने आला, हे पणतू तिथे जाऊन शोधू शकतो. गोऱ्या सरकारने ती नावे प्रेमापोटी लिहिली नव्हती, हिशेबासाठी लिहिली होती. पण लिहिली, म्हणून उरली.

आमच्याकडचा कोयता मुकादमाच्या वहीत असतो. कारखाना त्याला आपला माणूस म्हणत नाही. अलीकडे सरकारने ओळखपत्रे द्यायला सुरुवात केली आहे, ती प्रत्येकाच्या हाती पडोत. साखर काही एकट्या कारखान्याच्या धुराड्यातून येत नाही. ती पहाटेच्या थंडीत ऊस तोडून, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईच्या मानेवरून येते.

हॉटेल वाईट नव्हते हो! पाच दिवस आम्ही यथेच्छ आराम केला. आणि लेक-जावयाने पुन्हा पाठवले तर पुन्हा जाऊ. कष्ट करणाऱ्यांनीही दोन दिवस समुद्राकाठी पाय पसरून बसावे, एवढीच माझी इच्छा आहे.

गावाकडे आमची चार एकर वाट्याने कसणारे जोडपे दसरा झाला की कोल्हापूरकडे निघते. यंदा सौ.ने फराळ दिवाळीपर्यंत ठेवलाच नाही. दसऱ्याच्या आधीच चकल्या तळल्या, करंज्या केल्या. ट्रक निघायच्या वेळी मोठा डबा त्यांच्या धाकट्या मुलीच्या मांडीवर ठेवला आणि मला म्हणाली, "डब्यावर तिचं नाव घाला. फडात सगळ्यांचे डबे सारखेच दिसतात."

मी ते चांगले ठसठशीत अक्षरात घातले.