वाड्यातला जुना ट्रॅक्टर : भंगार की ठेव?

परभणी, जिंतूर, सेलू, मानवत या परिसरातील आपल्या अनेक कुटुंबांचे आडतीचे दुकान गावात आणि शेती शिवारात, अशी दुहेरी मांडणी पूर्वीपासून चालत आली आहे. त्यामुळे जुन्या वाड्याच्या मागच्या बखळीत किंवा आखाड्यावरील पत्र्याच्या शेडमध्ये एखादा जुना ट्रॅक्टर उभा असणे, ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. चाकांतील हवा गेलेली, सीटमध्ये उंदरांनी घर केलेले, बॉनेटवरचा रंग उडालेला. वडिलांच्या पिढीने तो मोठ्या उमेदीने घेतला होता. मुलांच्या पिढीला तो केवळ अडगळ वाटतो. मग एके दिवशी भंगारवाला येतो, वजनावर भाव ठरतो आणि व्यवहार संपतो. तो व्यवहार करण्यापूर्वी थोडे थांबून विचार करावा, एवढ्यासाठीच या महिन्याचा हा लेख आहे.

निवृत्तीनंतर मला जुन्या छोट्या ट्रॅक्टरांच्या आणि पॉवर टिलरच्या दुरुस्तीचा छंद लागला. नोकरीत असताना ट्रॅक्टर म्हणजे माझ्यासाठी कर्जाचे तारण होते : किंमत किती, सहामाही हप्ता किती, थकबाकी किती. त्याच्या पोटातील यंत्र मी हाताने उघडून पाहिले ते निवृत्तीनंतरच.

या यंत्रांची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. इंग्लंडमध्ये हॅरी फर्ग्युसन यांच्या नावाचा छोटा करडा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाला. अवजार तीन बिंदूंवर जोडून ते हायड्रॉलिकने उचलण्याची त्यांची पद्धत आज जगातील बहुतेक सर्व ट्रॅक्टरांत आहे. जानेवारी १९५८ मध्ये सर एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते पट्टे बसवलेल्या याच फर्ग्युसन ट्रॅक्टरांवरून. आपल्याकडे परिचित असलेला मॅसी फर्ग्युसन १०३५ हा त्याच घराण्यातला. भारतात तयार झालेला पहिला ट्रॅक्टर मात्र आयशरचा. जर्मन सहकार्याने १९५९ मध्ये तो फरिदाबादहून बाहेर पडला. त्यानंतर १९६३ मध्ये महिंद्रने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्यासमवेत कंपनी काढली आणि बी-२७५ हे मॉडेल आपल्या शिवारात आले. याच इंटरनॅशनल हार्वेस्टरने अमेरिकेत परसबागेसाठी ‘कब कॅडेट’ नावाचा लहानसा ट्रॅक्टर काढला होता. तिकडे आजही अनेक निवृत्त माणसे ती यंत्रे आवडीने जपतात. आपल्याकडे परसबागेचा ट्रॅक्टर असा वेगळा नव्हता. ते काम प्रथम पॉवर टिलरने आणि पुढे मिनी ट्रॅक्टरने केले. बंगळुरूच्या व्हीएसटी कंपनीने १९६७ पासून जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने हा व्यवसाय उभारला. द्राक्षबागेच्या दोन ओळींतून किंवा मोसंबीच्या झाडांखालून मोठा ट्रॅक्टर जात नाही, तेथे ही लहान यंत्रे उपयोगी पडली.

आता मूळ प्रश्न : असे जुने यंत्र ठेवावे का? येथे वाणिज्य शाखेतील एक जुना धडा आठवतो. घटत्या शिल्लक पद्धतीने घसारा काढला, तर मालमत्तेची पुस्तकी किंमत दरवर्षी कमी होते, पण कधीच शून्य होत नाही. भंगारवाला जी रक्कम सांगतो ती अवशिष्ट किंमत. या दोन आकड्यांशिवाय तिसरा आकडा असतो तो उपयोगाचा, आणि तो कोणत्याही ताळेबंदात नसतो. कोळपणी, फवारणी, आखाड्यावर पाण्याची टाकी ओढणे, शेणखत पसरणे अशी हलकी कामे चालू स्थितीतील जुना ट्रॅक्टर आजही करतो. मात्र हिशेब प्रामाणिकपणे करावा. दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा यंत्राच्या बाजारभावापेक्षा अधिक होतो. म्हणून या खर्चाला गुंतवणूक म्हणू नये. तो छंदाचा खर्च आहे आणि घरखर्चातून वेगळी रक्कम काढूनच तो करावा.

यंत्राला हात लावण्यापूर्वी कागद तपासावेत, हा माझा पहिला आग्रह. वडिलांच्या नावाच्या आरसी पुस्तकावर बँकेचा बोजा अजूनही दिसतो का, ते पाहावे. कर्ज कधीच फिटलेले असते, पण नोंद कोणी काढलेली नसते. आपल्या भागातील अनेक जुन्या पुस्तकांवर स्टेट बँक ऑफ हैदराबादचे नाव आहे. ही बँक १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. त्यामुळे बेबाकी दाखला आता स्टेट बँकेच्या शाखेतून घ्यावा लागतो. वाहनावरील बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५, मालकाच्या निधनानंतर वारसाच्या नावावर वाहन करण्यासाठी फॉर्म ३१ आणि पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करण्यासाठी फॉर्म २५, हे तीन नमुने लक्षात ठेवावेत. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी जमीन गहाण दिली असेल, तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यातील नोंदही फेरफार करून कमी करून घ्यावी. पुढे भावाभावांत वाटणी होताना अशा एका ओळीवरून मने दुखावलेली मी पाहिली आहेत. ट्रॅक्टर कोणाकडे राहणार, दुरुस्तीचा खर्च कोण करणार आणि विकला तर रक्कम कशी वाटणार, हे साध्या कागदावर लिहून सर्वांनी सह्या केल्या, तर यंत्रही टिकते आणि नातेही.

कागद मोकळे झाले की मग यंत्र. अनेक वर्षे बंद असलेला ट्रॅक्टर बॅटरी लावून लगेच चालू करण्याचा किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून सुरू करण्याचा मोह टाळावा. आत रिंगा चिकटलेल्या असल्या, तर एका झटक्यात स्लीव्ह आणि पिस्टन खराब होतात. मिस्त्रीकडून नोझल काढून घ्यावे, सिलिंडरमध्ये थोडे पातळ ऑइल सोडावे, दोन-तीन दिवस तसेच राहू द्यावे आणि मग इंजिन हाताने हळूहळू फिरवून पाहावे. मोकळे फिरले तर अर्धी लढाई जिंकली. खालचे ऑइल काढताना ते दुधाळ दिसले, तर पाणी शिरले आहे असे समजावे. मग हेडचे पॅकिंग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

डिझेलची टाकी पूर्ण रिकामी करून धुवावी. तळाशी गाळ आणि पाणी हमखास निघते. फिल्टर नवे घालावेत, फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंपाने डिझेल चढवावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी. डिझेल पंप मात्र घरी उघडू नये. त्याची जुळवणी यंत्रावर करावी लागते आणि ते काम त्यातील जाणकाराचेच आहे. रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे घातल्याने क्षार साचलेले असतात; ते साफ करून पुढे मृदू पाणी आणि कूलंट वापरावे. रबरी नळ्या, पंख्याचा पट्टा आणि वायरिंग बहुधा बदलावेच लागते. पहिल्यांदा इंजिन तासभर चालल्यावर ऑइल पुन्हा बदलावे, कारण आतील जुनी घाण त्यात उतरलेली असते. ब्रेक आणि स्टिअरिंग नीट झाल्यावरच टायरवर पैसे घालावेत. रंग सर्वांत शेवटी. रंगवलेला पण न चालणारा ट्रॅक्टर म्हणजे नफा दाखवणारा खोटा ताळेबंद.

आपल्या हवामानाच्या दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. उन्हाळ्यातील धुळीमुळे एअर क्लिनरच्या वाटीतील ऑइल लवकर गढूळ होते. काम चालू असताना ते रोज पाहावे. पावसाळ्यात आपली काळी चिकण माती ॲक्सल आणि ब्रेकभोवती घट्ट बसते. ती त्याच दिवशी धुऊन ग्रीस भरावे. काम नसेल तेव्हा दर पंधरवड्याला वीसेक मिनिटे इंजिन चालवावे, टाकी भरलेली ठेवावी, बॅटरीची तार काढून ठेवावी आणि सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घालावा.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. जुन्या ट्रॅक्टरवर उलटताना चालकाला वाचवणारी चौकट नसते. मडगार्डवर नातवंडांना बसवून फेरी मारण्याची हौस कितीही गोड असली, तरी ती पुरवू नये. पीटीओच्या फिरत्या शाफ्टवर झाकण हवेच. धोतर, उपरणे, साडीचा पदर त्यात अडकून अनेक संसार उद्ध्वस्त झाले आहेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली कधीही जाऊ नये. खाली लाकडाचे मजबूत ठोकळे द्यावेत.

सुट्या भागांचा प्रश्न निराळा आहे. महिंद्र आणि मॅसीचे पुष्कळसे भाग अजून मिळतात. एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. आता त्या यंत्रांचे काही भाग जुन्या ट्रॅक्टरांतून काढावे लागतात किंवा लेथवर घडवावे लागतात. त्याहून दुर्मीळ होत चालला आहे तो जाणता मिस्त्री. इंजिनाचा आवाज ऐकून कोणता व्हॉल्व्ह सैल आहे हे सांगणारी माणसे आता साठी-सत्तरीत आहेत आणि त्यांच्या मुलांनी दुसरे व्यवसाय धरले आहेत. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, तेथे कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालयही आहे. परिचयातील एखादा विद्यार्थी सुट्टीत अशा मिस्त्रीजवळ बसला आणि ऐकलेले लिहून ठेवले, तर यंत्राइतकेच मोलाचे काहीतरी वाचेल.

काही वाचक विचारतील, जुन्या वस्तू साठवणे हा परिग्रहच नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, चालू स्थितीतील आणि वापरात असलेले एक यंत्र पुरे. दुसरे दुरुस्त झाले, तर ते ज्याच्या दोन-चार एकरांत उपयोगी पडेल अशा शेतकऱ्याला परवडेल त्या दराने द्यावे. शेडमध्ये नुसती रांग लावली, तर छंदाचे रूपांतर हव्यासात होण्यास वेळ लागत नाही.

शेवटी, आपण व्यापारी माणसे. नोंदीवर आपला विश्वास. दिवाळीला वहीपूजनासाठी नवी वही आणाल, तेव्हा एक लहान वही ट्रॅक्टरसाठीही आणावी. पहिल्या पानावर इंजिन व चॅसिस क्रमांक, खरेदीची तारीख आणि कोणी घेतला त्याचे नाव लिहावे. पुढे ऑइल कधी बदलले, कोणता भाग किती रुपयांना घेतला, इंजिन किती तास चालले, हे तारीखवार मांडावे. वर्षअखेरीस बेरीज करून पाहावी आणि मगच ठरवावे की यंत्र ठेवायचे, योग्य हाती द्यायचे की भंगारात घालायचे. निर्णय कोणताही झाला, तरी तो हिशेबाने झालेला असेल.