आठ मिनिटांची परीक्षा आणि बाईचा वेळ

डॉक्टर झालेली मुलगी लग्न करून परदेशी गेली, की तिच्या पदवीचे पुढे काय झाले हे सहसा कोणी विचारत नाही. ‘जावयाला चांगली नोकरी आहे’ एवढ्या उत्तरावर सगळ्यांचे समाधान होते. सरकारी मेडिकल कॉलेजात साडेपाच वर्षे काढलेली, इंटर्नशिपमध्ये रात्र-रात्र लेबर रूममध्ये उभी राहून बाळंतपणे केलेली ही बाई मँचेस्टरला किंवा न्यू जर्सीला पोचते, तेव्हा तिथल्या कायद्याच्या लेखी ती डॉक्टर नसते. पुन्हा डॉक्टर व्हायचे तर पुन्हा परीक्षा.

‘हा वरच्या वर्गातल्या बायकांचा प्रश्न आहे, आपला नव्हे,’ असे आपल्याच काही मैत्रिणी म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. बाईने कमावलेले कौशल्य लग्नानंतर मातीमोल होणे हा प्रश्न मोलकरणीचा असो की डॉक्टरणीचा, त्याची मुळे एकाच जागी आहेत.

प्रथम परीक्षा काय आहे ते पाहू. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची थेट मान्यता १९७५ मध्ये काढून घेतली. आज आपल्याकडची एम.बी.बी.एस. झालेली बहुतेक मुले-मुली तिथे ‘प्लॅब’ या परीक्षेच्या वाटेने जातात. आधी इंग्रजीची परीक्षा, मग लेखी परीक्षा, मग मँचेस्टरमध्ये प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकात सोळा प्रसंग असतात. दारावरचा कागद वाचायला दीड मिनिट, आत आठ मिनिटे. आत रुग्णाची भूमिका करणारी व्यक्ती किंवा तपासणीसाठी पुतळा. या एका प्रात्यक्षिकाचीच फी हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे आपल्या लाख रुपयांच्या वर. चार वेळा बसण्याची मुभा.

या परीक्षेची तयारी पुस्तक वाचून होत नाही, ती बोलून होते. समोर रुग्ण होऊन बसणारे कोणी लागते, घड्याळ लावणारे कोणी लागते, चुका सांगणारे कोणी लागते. म्हणून मुले काय करतात? मँचेस्टरमध्ये चार-सहा जण मिळून खोल्या घेतात आणि आठवडेच्या आठवडे सकाळपासून रात्रीपर्यंत एकमेकांवर सराव करतात. कोचिंगवाले त्यांच्याकडून वेगळे पैसे घेतात.

मग दोन वर्षांच्या मुलाची आई काय करते? मूल झोपल्यावर ओट्याला फोन टेकवून दुसऱ्या गावातल्या मैत्रिणीबरोबर सराव करते, तोही मूल उठेपर्यंत. क्लास लावायचा तर ‘यंदा नको, आधी घराचे हप्ते’. परगावी राहायचे तर ‘मुलाला कोण बघणार?’ हे वाक्य मुलाच्या बापाला कोणी ऐकवल्याचे आमच्या ऐकिवात नाही. परीक्षा सर्वांना आठच मिनिटे देते हे खरे. पण त्या आठ मिनिटांच्या मागचे शेकडो तास सर्वांना सारखे मिळत नाहीत, आणि परीक्षकाच्या गुणपत्रिकेत त्यासाठी रकाना नसतो.

यावर म्हटले जाते, की रुग्णाच्या जिवाशी खेळ नको, परीक्षा हवीच. अगदी खरे. कोणाही डॉक्टरला पारखल्याशिवाय रुग्णाजवळ जाऊ देऊ नये, असे आम्हीही म्हणतो. आमचा वाद पारखण्याशी नाही. पारखण्याचा खर्च कोणावर आणि त्याबद्दलचे गाऱ्हाणे कोणाचे ऐकले जाते, याच्याशी आहे.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. तिथे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठी प्रात्यक्षिक परीक्षा १९९८ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाली. २००४ पासून अमेरिकी विद्यार्थ्यांनाही तशीच परीक्षा लागू झाली. बारा रुग्ण, प्रत्येकी पंधरा मिनिटे, केंद्रे देशभरात फक्त पाच शहरांत, आणि फी पुढे पुढे दीड हजार डॉलरच्या घरात. २०१६ मध्ये अमेरिकी विद्यार्थ्यांनीच ‘ही परीक्षा महाग आहे आणि निरुपयोगी आहे’ अशी मोहीम उघडली. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे ती थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद झाल्याचे जाहीर झाले. तिथल्या विद्यार्थ्यांची सुटका झाली. परदेशी शिकलेल्यांसाठी मात्र बोलण्या-ऐकण्याची इंग्रजी परीक्षा आली आणि प्रात्यक्षिक कौशल्याचे दाखले मिळवण्याचे निरनिराळे मार्ग आले. त्यातले बरेच मार्ग पदवी ताजी असावी किंवा डॉक्टरकी अलीकडे केलेली असावी, असे मागतात. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, कित्येकदा काम करण्याची परवानगीच नसलेल्या, मधल्या काळात दोन बाळंतपणे झालेल्या बाईने ही ‘अलीकडची’ डॉक्टरकी आणायची कुठून? आधी कायदा तिला घरी बसवतो, मग घरी बसली म्हणून नापास करतो.

ज्या फिलाडेल्फियात ही परीक्षा सुरू झाली, त्याच शहरात १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्यांच्या नावाने आपण भाषणे करतो, पारितोषिके देतो. पण आज त्याच देशात आपल्याच घरातली डॉक्टर सून परीक्षेचा अर्ज भरायला पैसे मागते, तेव्हा ‘आता काय गरज आहे?’ असे विचारणारे आपणच असतो.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू. ती आपल्याला अधिक झोंबणारी आहे.

या परीक्षेत तपासतात काय? आत गेल्यावर स्वतःचे नाव सांगितले का. रुग्णाला कोणत्या नावाने हाक मारू, हे विचारले का. हात धुतले का. ‘तुम्हाला स्वतःला हे काय वाटते, भीती कशाची वाटते, माझ्याकडून काय हवे आहे,’ असे विचारले का. अंगाला हात लावण्याआधी संमती घेतली का. नाजूक जागी तपासताना सोबत तिसरी व्यक्ती हवी का, हे विचारले का. लागेल तेवढाच भाग उघडा करून बाकीचे अंग झाकले का.

मैत्रिणींनो, या मागण्या ओळखीच्या वाटत नाहीत का? आरोग्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या आपल्या गटांनी वर्षानुवर्षे केलेल्या याच मागण्या आहेत! आपल्या सरकारी इस्पितळांत बाई म्हणजे खाट नंबर अमुक. पडदा नाही, सभोवती विद्यार्थ्यांचा घोळका, आतून तपासताना विचारणे नाही, वर ‘ओरडू नकोस’ हा दम. बलात्कारित स्त्रीवर केली जाणारी ‘दोन बोटांची’ तपासणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तिच्या प्रतिष्ठेचा भंग ठरवली, आणि २०२२ मध्ये ती अभ्यासक्रमातून काढा, असे पुन्हा बजावावे लागले. आपल्या डॉक्टरणीला ‘आय अॅम सॉरी टू हिअर दॅट’ हे वाक्य परीक्षेसाठी घोकावे लागते, कारण ‘बाई, घाबरू नका, मी आता काय करणार आहे ते आधी सांगते,’ हे वाक्य तिला मराठीत कोणी शिकवलेच नाही.

२०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद हा भाग आला आहे. कागदावर आला, हेही नसे थोडके. पण बाहेरच्या देशात शिकून आलेल्यांसाठी २००२ पासून आपण जी परीक्षा घेतो, ती तीनशे प्रश्नांची आणि पर्यायांवर खूण करण्याची. त्यात रुग्ण नाही, संवाद नाही, संमती नाही. प्रात्यक्षिकासह नवी परीक्षा आणण्याचा बेत २०२३ मध्ये पुढे ढकलला गेला. म्हणजे ब्रिटनमधल्या खोट्या रुग्णाला जो मान मिळतो, तो मेळघाटातल्या खऱ्या बाईला मिळावा असे आपल्या परीक्षेला वाटत नाही!

शिवाय ज्यांच्यासाठी ही सारी धडपड, ते देशही शब्दाला पक्के नाहीत. डॉक्टर कमी पडले की दारे उघडायची, भरले की ओढून घ्यायची. जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने आपल्या आरोग्य योजनेत पुढील प्रशिक्षणाच्या जागांसाठी स्थानिक पदवीधरांना अग्रक्रम देण्याचे धोरण मांडले. परीक्षा पास झालेल्या, कर्ज काढलेल्या बाईने आता कोणाचे दार ठोठवायचे?

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे :

मूल होणे, पोटापाण्यासाठी देश बदलणे यांमुळे पडलेला खंड हा दोष धरू नये. खंडानंतर परतणाऱ्या बाईला देखरेखीखाली, पगारी काम द्यावे आणि तिथेच तिची पारख करावी. ज्या आरोग्यसेवेला तिचे हात हवेत, तिने परीक्षेच्या खर्चाचा वाटा उचलावा.

आपल्या मेडिकल कॉलेजांत संमती, पडदा आणि रुग्णाशी मराठीत नीट बोलणे यांची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यावी, आणि त्यात नापास होणाऱ्याला नापास करावे.

परदेशातल्या मराठी मंडळांनी हळदीकुंकवाबरोबर एक पाळणाघरही चालवावे. एका शनिवारी चार जणींची मुले सांभाळली, तर चार जणींचा सराव होतो.

आणि घरच्यांना एवढेच सांगणे : तिच्या परीक्षेचे पैसे म्हणजे तिच्यावर केलेला उपकार नव्हे. तुमच्या नोकरीपायी तिने तिची सोडली, तो हिशेब अजून बाकी आहे.