मेल्यावर उपयोगी पडणारे जंतू

दूध प्यायलं की पोट फुगतं, गुरगुरतं, कधी घाईची लागते, अशी तक्रार घेऊन औषधाच्या दुकानात गेलात तर हल्ली काउंटरवरूनच प्रोबायोटिकचं पाकीट पुढे केलं जातं. पाकिटावर ठळक आकडा असतो: दोन अब्ज जंतू, पाच अब्ज, दहा अब्ज. आकडा मोठा तितका माल चोख, हा आपला जुना हिशेब. या सदराच्या वाचकांना माझी विनंती आहे की त्या आकड्याला भुलू नका. पाकिटामागे बारीक अक्षरात जंतूचं नाव छापलेलं असतं, ते बघा. आणि त्याच्याही आधी, आपल्या पोटाची तक्रार खरंच दुधातल्या साखरेची आहे का, ते बघा.

ही साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडणारं लॅक्टेज हे विकर लहान आतड्याच्या अस्तरात असतं. तान्ह्या बाळात ते भरपूर असतं आणि अंगावरचं दूध सुटल्यावर हळूहळू आटत जातं. गाईचं वासरू असो, मांजराचं पिल्लू असो, जवळजवळ सगळ्या सस्तन प्राण्यांत हेच होतं. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढ माणसांतही हेच होतं. मोठेपणीही लॅक्टेज टिकणं हा जनुकीय बदलाचा परिणाम आहे आणि तो गुरं पाळणाऱ्या समाजांत जास्त आढळतो. भारतात वायव्येकडे त्याचं प्रमाण अधिक, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. तेव्हा ज्याला दूध मानवत नाही तो आजारी नव्हे. घरातली वडीलधारी त्याच्याकडे ‘एवढंसं दूध पचत नाही?’ म्हणून बघतात, तो निव्वळ अन्याय आहे.

न फुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात उतरतं, सोबत पाणी ओढून घेतं, आणि तिथले जंतू ते आंबवून हायड्रोजन आणि इतर वायू तयार करतात. गुरगुर, फुगारा, जुलाब सगळं त्यातून येतं. हाच हायड्रोजन श्वासात मोजून निदान करतात. चाचणी सोपी आहे, पण आपल्याकडे ती करून घेणारे कमी आणि स्वतःच निदान करून मोकळे होणारे फार. अमेरिकेत मिनेसोटातल्या संशोधकांनी १९९५ मध्ये असे ३० जण घेतले, ज्यांची खात्री होती की आपल्याला दूध अजिबात सोसत नाही. चाचणीत त्यातल्या ९ जणांना लॅक्टोज व्यवस्थित पचत होतं. उरलेल्या २१ जणांना रोज २४० मिलिलिटर दूध दिलं, एक आठवडा साधं आणि एक आठवडा लॅक्टोज काढलेलं, कोणतं कधी ते न सांगता. दोन्ही आठवड्यांत त्रास जवळपास सारखाच होता, आणि तोही किरकोळ.

म्हणजे सगळा प्रश्न मात्रेचा आहे. बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारसा त्रास न होता चालतं. १०० मिलिलिटर दुधात ते पाचेक ग्रॅम असतं. घरगुती कपभर चहात दूध ते किती, पन्नास-साठ मिलिलिटर; त्यातून फार तर तीन ग्रॅम पोटात जातं. चहा ‘बाधतो’ म्हणणाऱ्यांनी दुधाला दोष देण्याआधी दिवसाचे कप मोजावेत. कोजागिरीचं मसाला दूध मात्र वेगळं प्रकरण आहे. आटवल्याने लॅक्टोज उडून जात नाही, पाणी उडतं आणि साखर दाट होते. बासुंदी, रबडी, खवा, पेढे, सगळ्यांची हीच गत. उलट चक्का टांगला की लॅक्टोजचा मोठा भाग पाण्यासोबत निथळून जातो, पनीरमध्ये थोडंच उरतं, आणि साजूक तुपात जवळजवळ नसतंच. कोकणस्थी श्रीखंड की देशावरची बासुंदी, हा वाद निदान पोटाच्या बाजूने तरी निकाली निघायला हरकत नाही.

आता जंतूंकडे. १९८४ साली मिनेसोटातच मायकेल लेव्हिट, डेनिस सॅव्हायानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅक्टेज आटलेल्या दहा जणांना एकदा दुधातून आणि एकदा योगर्टमधून, म्हणजे त्यांच्याकडच्या दह्यातून, १८ ग्रॅम लॅक्टोज दिलं. (लेव्हिट यांनी उभी हयात पोटातल्या वायूंच्या अभ्यासात घालवली. अशा विषयालाही कुणीतरी आयुष्य द्यावंच लागतं.) दह्यानंतर श्वासातला हायड्रोजन दुधाच्या एक तृतीयांशच निघाला. कारण शोधायला नळी घालून थेट लहान आतड्यातला द्रव काढला, तर त्यात लॅक्टोज फोडणारं विकर सापडलं. ते माणसाचं नव्हतं, दह्यातल्या जंतूंचं होतं.

हे घडतं कसं, ते या सगळ्या विषयाचं मर्म आहे. योगर्टमध्ये दोन जंतू असतात, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. दुसऱ्याच्या नावात बल्गेरिया आहे, कारण १९०५ मध्ये स्टॅमेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हात तो आपल्या देशाच्या दह्यातून शोधला. दोघेही पोटी विकर बाळगून असतात. जठरातल्या आम्लातून ते विकर जंतूच्या कवचाआड सुखरूप पार होतं. दही स्वतःही त्या आम्लाची धार थोडी बोथट करतं. लहान आतड्यात पित्त भेटतं आणि हे जंतू तिथे टिकत नाहीत. कवच सैल होतं, विकर मोकळं होतं आणि जवळच्या लॅक्टोजवर काम करायला लागतं. थोडक्यात, जंतूने तिथवर जिवंत पोचावं आणि तिथे मरावं, ही अपेक्षा. जाहिरातीत मात्र उलटं ऐकवतात: आमचा जंतू पित्तालाही दाद देत नाही, आतड्यात जाऊन मुक्काम ठोकतो! इतर कामांना तो चिवटपणा उपयोगी असेलही. लॅक्टोजच्या कामी पित्ताला दाद न देणारा जंतू आपलं विकर स्वतःजवळच ठेवतो. अॅसिडोफिलस हा जंतू घातलेल्या, पण न आंबवलेल्या दुधाचा १९८४ च्याच एका प्रयोगात साध्या दुधापेक्षा काही वेगळा परिणाम दिसला नव्हता, त्यामागे हेच कारण असणार.

युरोपीय महासंघाने प्रोबायोटिकवाल्यांचे आरोग्यविषयक दावे ढिगाने फेटाळले. टिकला तो हा एक: योगर्टमधले जिवंत जंतू लॅक्टोज पचवायला मदत करतात, अट एवढीच की दर ग्रॅममध्ये ते निदान दहा कोटी असावेत. पण त्या मान्यतेतली शब्दयोजना नीट वाचा. मदत होते ती त्याच पदार्थातल्या लॅक्टोजपुरती. सकाळी वाटीभर दही खाल्लं म्हणून रात्री बासुंदी झोडायला मोकळीक मिळत नाही.

इथे माझा आपल्या लाडक्या घरच्या दह्याशी थोडा मतभेद आहे. आपलं विरजण पिढ्यान्‌पिढ्या या घरातून त्या घरात जातं आणि त्यात कोणते जंतू नांदतात हे घरोघरी वेगळं. थर्मोफिलस असतो, पण लॅक्टोकॉकस प्रजातीचे जंतूही बहुधा असतात, आणि ते लॅक्टोज निराळ्या वाटेने फोडतात. त्यांच्याकडचं विकर आपल्या आतड्यात तसं कामी येत नाही. म्हणून परदेशातल्या प्रयोगाचे आकडे आपल्या वाडग्याला जसेच्या तसे लावू नयेत. तरीही घरच्या दह्याचा पहिला फायदा पक्का आहे. लागताना जंतूंनी काही लॅक्टोज आधीच संपवलेलं असतं. अदमुरं दही गोड लागतं तेव्हा ते काम अर्धवट झालेलं असतं. नीट लागलेलं, किंचित आंबट दही पोटाला जास्त सोपं. ताक तर पाणी घातलेलंच. कढी उकळली की जंतू आणि विकर दोन्ही गेले. तिची चव घ्यावी, तिच्याकडून औषधाची अपेक्षा धरू नये.

उरली कॅप्सूल. तिला मी सरसकट थोतांड म्हणणार नाही. २००५ मध्ये तोवरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्याचा निष्कर्ष असा की प्रोबायोटिकने प्रौढांचा लॅक्टोजचा त्रास एकूणात कमी होताना दिसत नाही, काही विशिष्ट वाणांचा अपवाद असू शकेल. नंतरचे आढावे थोडे अधिक आशावादी आहेत. पण अपवाद कोणता, हे पाहायला गेलं की वाणाचंच नाव समोर येतं. लॅक्टोबॅसिलस अॅसिडोफिलसच्या एका वाणाचा १९९९ मध्ये काही उपयोग झाला नाही. त्याच जंतूच्या डीडीएस-१ या वाणाने २०१६ च्या प्रयोगात चार आठवड्यांत त्रास कमी केला. जंतू तोच, वाण वेगळा. नुसतं ‘अॅसिडोफिलस, पाच अब्ज’ छापणं म्हणजे आंब्याच्या पेटीवर हापूस की रायवळ ते न लिहिता नुसतं ‘आंबे, पाच डझन’ लिहिण्यासारखं आहे.

आणि हे काही मी नवीन मागत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २०११ मध्येच मार्गदर्शक तत्त्वं काढली: लेबलवर जंतूची प्रजाती, जाती आणि वाण तिन्ही असावेत, मुदत संपण्याच्या दिवशी किती जंतू जिवंत राहतील ते असावं, आणि कोणत्या तापमानाला ठेवायचं तेही. मे महिन्यात नागपूरच्या एखाद्या पंखा नसलेल्या दुकानात पडून राहिलेल्या पाकिटातले पाच अब्ज नेमके कोणत्या दिवशी मोजले होते, हे विचारायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. आपण विचारत नाही. शिवाय भरणद्रव्य म्हणून गोळ्या-कॅप्सूलमध्ये पुष्कळदा लॅक्टोजच वापरतात. प्रमाण इतकं अल्प असतं की त्याने कुणाचं पोट बिघडू नये, तरी दुधातल्या साखरेवरच्या उपायात तीच साखर सापडावी, याची गंमत वाटते.

तेव्हा दूध सोडण्याआधी आणि पाकीट घेण्याआधी, दूध जेवणासोबत, अर्धा-अर्धा कप, विभागून घेऊन बघा. जेवणासोबत ते जठरातून सावकाश उतरतं आणि त्रास कमी होतो. रोज थोडं घेत राहिलं तर मोठ्या आतड्यातले जंतूही जुळवून घेतात. मग दही, ताक. लग्नात बासुंदी टाळवतच नसेल तर लॅक्टेजची गोळी मिळते. जंतूंच्या भानगडीत न पडता ती नेमकं तेवढंच काम करते. एवढं करूनही प्रोबायोटिक घ्यायचंच असेल तर वाणाचं नाव छापलेलं घ्या, गरम दुधात कालवू नका, आणि चार आठवड्यांत फरक पडला नाही तर बंद करा. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला किंवा कमी दिवसांच्या बाळाला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. लहान मुलाला जुलाबाच्या साथीनंतर दूध बाधायला लागलं तर ते बहुधा तात्पुरतं असतं, आतड्याचं अस्तर भरून आलं की जातं. दुधाने अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, तर तो दुधातल्या प्रथिनांचा प्रश्न आहे, आणि त्यावर दह्याचा उतारा करायला जाणं धोक्याचं.