हॉटस्पॉट आणि अदत्तादान



गेल्या जूनमध्ये वणीहून आम्ही चौघी इंग्लंडला गेलो होतो. लेस्टरच्या जैन मंदिराचे दर्शन हे मुख्य आकर्षण. जुन्या चर्चच्या इमारतीचे १९८८ मध्ये मंदिर झाले. (सूर्यास्त तिथे साडेनऊला, त्यामुळे चौविहाराची घाई नव्हती!)

परदेशातला पॅक एकीनेच घेतला होता. "सगळ्यांनी कशाला खर्च करायचा? माझा हॉटस्पॉट घ्या," ती म्हणाली. आम्ही आनंदाने घेतला. संध्याकाळी परतताना तिचा डेटा संपला. नकाशा बंद, जावयांना फोन नाही, आणि अनोळखी गावात रस्ता विचारत फिरणे. व्हिडिओ तर कोणीच पाहिला नव्हता.

हॉटेलवर गेल्यावर उलगडा झाला. दुसऱ्याचा हॉटस्पॉट आपल्या फोनला घरच्या वायफायसारखाच वाटू शकतो. वायफाय मिळताच माझ्या फोनने दिवसभराचे फोटो आपोआप गुगल फोटोजवर चढवले होते.

ती काही बोलली नाही. पण मला अदत्तादान आठवले. तिने डेटा दिला होता निरोपापुरता, माझ्या फोटोंसाठी नव्हे. न दिलेले घेतलेच ना मी? नकळत, पण घेतले.

माझे मत स्पष्ट आहे: वाटून घ्यायचे तर पैसेही वाटून द्या, तेही निघण्याआधी. भागीदारीचा हिशेब नंतर लावला की कोणीतरी संकोचून गप्प बसते. शिवाय फोटोंचा बॅकअप बंद ठेवा, आणि अँड्रॉइड असेल तर त्या वायफायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड' निवडा. मला ते नातवाने परतल्यावर शिकवले.