आप्तवाक्य कोणाचे?

मराठीत ‘आप्त’ म्हणजे नातलग. न्यायशास्त्रात ‘आप्त’ म्हणजे जसे आहे तसे सांगणारा. या दोन अर्थांतील अंतर विसरले, की घरात अनर्थ शिरतो. रोगावरील एखादा अचाट उपाय मावसभावाने भ्रमणध्वनीवर धाडला, एवढ्यावरूनच तो खरा मानणारी सुशिक्षित मंडळी हल्ली पदोपदी आढळतात. परंतु प्रेम हे प्रमाण नव्हे.

आमच्या पोफळीसारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांना विंचवाचे उदाहरण सहज पटेल. विंचू उतरविणारा मांत्रिक कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मान्यता पावला, तो केवळ लोकांच्या अज्ञानामुळे नव्हे. बहुतेक दंशांत नुसती वेदना होते व काही वेळाने ती आपोआप शमते. श्रेय मात्र मंत्रास मिळे. हा शुद्ध काकतालीय न्याय होय! दिसावयास भयंकर अशी काळी इंगळी बहुधा प्राण घेत नाही. प्राणावर बेततो तो तिच्याहून लहान असा तांबडा विंचू. त्याच्या विषाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. लहान मुलांस तर हा धोका फार.

१९७६ च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या सरकारी आरोग्यकेंद्रात रुजू झाले. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी नाडी, घाम, रक्तदाब यांची बारकाईने टिपणे ठेवली. १९८२ साली त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी या दंशावर वापरले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरांत सुमारे चाळीस दगावत. ते प्रमाण एकाच्या घरात आले. २०२२ साली त्यांस पद्मश्री मिळाली.

येथे आप्त कोण, हे वाचकांनीच ठरवावे. मांत्रिकाजवळ बरे झालेल्यांच्या कथा होत्या. दगावलेल्यांची मोजदाद नव्हती. डॉक्टरांनी दोहोंची नोंद ठेवली आणि ती इतरांस तपासावयास दिली. विश्वासाचा पाया तो हाच. मंत्रावर श्रद्धा ठेवणाऱ्याची थट्टा करून तो रचला जात नाही. वेदना आपोआप का शमली, हे शांतपणे समजावून दिल्यानेच ऐकणारा आपला होतो.

म्हणून घरी एखादा उपाय येऊन थडकला, की तीन प्रश्न पुसावे: हे प्रथम कोणी सांगितले? त्याने ते कशावरून जाणले? ज्यांस गुण आला नाही, त्यांची नोंद कोठे आहे? आणि दंशानंतर दरदरून घाम सुटला, वांत्या झाल्या वा हातपाय गार पडले, तर प्रश्नांतही वेळ न दवडता रुग्णास इस्पितळात न्यावे. मूल असेल तर लक्षणांची वाटही पाहू नये.

एकत्र कुटुंबात वडिलांचा शब्द अजून चालतो. त्यांनी ‘मला ठाऊक नाही, डॉक्टरांस विचारू’ असे निःसंकोच म्हणावे; पुढची पिढी त्यांच्या शब्दावर अधिकच विसंबेल.