फिरते घर आणि राहते घर

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण मान्य केले. मोटारीमागे ओढावयाचे फिरते घर घेऊन हौशी प्रवाशांनी राज्यभर हिंडावे, वाटेल तेथे मुक्काम ठोकावा आणि त्या मुक्कामी त्यांना पाणी, वीज, स्वच्छतागृह व सुरक्षितता लाभावी, असा त्या धोरणाचा आशय. एका आसाचे, दोन आसांचे, तंबूचे, घडीचे असे फिरत्या घरांचे प्रकारही त्यात बारकाईने नोंदलेले आहेत. या धोरणात गैर असे काहीच नाही. परंतु ते वाचताना वाशीम जिल्ह्यातील एखाद्या शिक्षकाच्या वा कारकुनाच्या मनात एक शंका आल्यावाचून राहणार नाही. बांबू, चटया, भांडीकुंडी, ज्वारीची पोती, शेळ्या, कोंबड्या आणि लेकरे ट्रॉलीत घालून दिवाळीच्या सुमारास मानोरा, मालेगाव, मंगरूळपीर या भागांतील तांड्यांवरून जी कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघतात, त्यांचे ते फिरते घर यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते?

हा प्रश्न केवळ उपरोधाचा नाही. एखादे घर किती दिवसांसाठी बांधलेले असते आणि त्यात माणसाला प्रत्यक्षात किती दिवस राहावे लागते, या दोहोंतील अंतराचा तो प्रश्न आहे. हौशी प्रवाशाचे फिरते घर आठ-पंधरा दिवसांचे. ऊसतोड्याचे सहा महिन्यांचे. पहिल्याच्या मागे त्याचे शहरातील पक्के घर उभे असते. दुसऱ्याच्या मागे असते कुलूप लावलेले घरकुल.

आठ दिवसांचे घर बारमाही राहण्यासाठी वाढवायचे कसे, हा पेच संपन्न देशांनाही पडलेला आहे आणि त्याची हकीकत येथे उपयोगी पडण्याजोगी आहे. कॅनडातील विनिपेग शहरी १९६८ साली रे ओलेको या गृहस्थाने फायबरग्लासचे तेरा फुटी फिरते घर बनविले. साच्यातून काढलेली वरची आणि खालची अशी दोन कवचे मध्ये जोडली, की अंड्याच्या आकाराचे घर तयार होई. वजन हजार पौंडांच्या आसपास. त्यामुळे लहान मोटारदेखील ते सहज ओढून नेई. गोल टोपीसारख्या त्याच्या रूपावरून त्याला ‘बोलर’ असे नाव पडले. (या ओलेकोने त्याआधी फायबरग्लासची मैलाटाकी बनविली होती. घराच्या आधी मैलाटाकीचा विचार करणारा कारागीर आपल्याकडच्या साखरपट्ट्याला लाभला असता, तर पुढचे बरेचसे लिहावे लागले नसते.) ही घरे सुटीतील सहलीसाठी होती. परंतु घरभाडे परवडेनासे झालेली, निवृत्त किंवा एकटी पडलेली माणसे अशा जुन्या फिरत्या घरांत कायमची राहू लागली, आणि तेरा फूट लगेचच अपुरे पडू लागले.

मग ते वाढवावे कसे? मधोमध कापून चार फुटांचा तुकडा जोडावा, ही पहिली कल्पना कोणालाही सुचते. परंतु अशा कवचाचे सारे बळ त्याच्या वळणात आणि अखंडपणात असते. ते कापले, की जोडावर ताण येतो. खालचा सांगाडा आणि एकुलता एक आस वाढलेले ओझे पेलीत नाही. एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार ओढणाऱ्या गाडीच्या आकड्यावर यावा, हा हिशेब बिघडला की मागचे घर रस्त्यावर हेलकावे खाऊ लागते. म्हणून जाणते लोक सहसा कवचाला हात लावीत नाहीत. ते बाहेर छत काढतात, चूल बाहेर मांडतात आणि पाण्याची, अंघोळीची व शौचाची सोय असलेली जागा मुक्कामासाठी शोधतात. घराचा विस्तार घरात होत नाही. ते ज्या जमिनीवर उभे राहते, त्या जमिनीवर होतो.

ऊसतोड्याची कोपी याच जातीची आहे. बांबूच्या कामट्या वाकवून कमान करायची, तिच्यावर चटया आणि अलीकडे ताडपत्री टाकायची, खाली उसाचे पाचट अंथरायचे. खांब नाही, तुळई नाही. बळ काय ते वळणाचे. तासाभरात उभी राहते आणि तितक्याच वेळात गुंडाळून ट्रॉलीत पडते. स्थापत्यशास्त्राचे पुस्तक न उघडता पिढ्यान्‌पिढ्या जपलेले हे कसब आहे आणि त्याचे कौतुकच केले पाहिजे. मात्र त्या कमानीखाली मोठ्या माणसाला ताठ उभे राहता येत नाही. नवरा, बायको, दोन-तीन लेकरे, प्रसंगी म्हातारी सासू, आणि सहा महिन्यांचा शिधा एवढे सारे त्याच पोकळीत मावावे लागते. चूल बाहेर, अंघोळ लुगड्याच्या आडोशाला. पाणी कोठून आणायचे हे शेतमालकाच्या मर्जीवर, आणि शौचाला उजाडण्यापूर्वीच्या अंधारात. दिवा असलाच तर आकड्याचा. पाचट आणि ताडपत्री एकत्र आली की आगीचे भय निराळे.

कोपी लांबविणे अशक्य नाही. आणखी दोन कमानी रोवल्या की झाले. पण ट्रॉलीत तेवढे बांबू मावावयाचे कोठे, आणि बांधायला वेळ कोणाला? ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून घेतलेली उचल त्या जोडीला फेडायची असते. पहाटे फड गाठायचा आणि वाहन रात्री-अपरात्री येईल तेव्हा मोळ्या भरायच्या, अशा दिनक्रमात घर वाढविण्याची फुरसत संभवत नाही. तेव्हा येथेही विस्तार व्हायचा तो भोवतालच्या जमिनीवरच झाला पाहिजे: जोते, नळ, न्हाणी, शौचकूप, दिवा. आणि ती जमीन तर तिच्यावर राहणाऱ्याची नाही.

ज्या समाजातून वाशीम जिल्ह्यातील ऊसतोड्यांचा मोठा भाग येतो, त्या बंजारा समाजाच्या इतिहासात या गोष्टीला एक विलक्षण पदर आहे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर नेण्याचा लदेणीचा धंदा हे त्यांचे जीवन होते. तांडा हा शब्दच मुळी चालत्या वस्तीचा. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोचली, वऱ्हाडात खामगाव-अमरावतीला फाटे फुटले आणि बैलांच्या पाठीवरचा माल डब्यांत गेला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर फिरण्यालाच संशयाचा विषय करून टाकले. १९५२ साली तो कायदा गेला. तोवर तांडे ठिकठिकाणी स्थिरावले होते. पोहरादेवी हे या समाजाचे श्रद्धास्थान मानोरा तालुक्यात आहे, आणि शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीच्या तांड्यावर जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत राज्याचे मुख्यमंत्री होते. इतके सारे होऊनही कोरडवाहू जमीन, पावसावर अवलंबून असलेले सोयाबीन आणि दिवाळीनंतर हाताला नसलेले काम यांनी स्थिरावलेल्या तांड्याला, आणि त्याच्यासोबत गावातील इतर भूमिहीनांनाही, पुन्हा चाकांवर चढविले. फरक एवढाच, की लदेणीचा बैल स्वतःचा होता आणि ट्रॉली मुकादमाची आहे.

शासनाने या कुटुंबांसाठी घराचा विचार केला नाही, असे म्हणता येणार नाही. १९८५ ची इंदिरा आवास योजना आणि २०१६ पासूनची प्रधानमंत्री आवास योजना यांतून तांड्यातांड्यांवर पक्की घरकुले उभी राहिली. नव्या योजनेने किमान क्षेत्र २० चौरस मीटरवरून २५ वर नेले, म्हणजे २६९ चौरस फूट. सपाट प्रदेशासाठी अनुदान १ लाख २० हजार रुपये ठरविले. या २६९ फुटांत संसार मावत नाही म्हणून बहुतेक घरकुलांना पुढे पत्र्याची पडवी आणि मागे न्हाणी काढलेली दिसते. तीही एक घरवाढच. परंतु त्या सगळ्याला वर्षातील निम्मा काळ कुलूप असते. ज्या मोसमात कुटुंब घरकुलात नसते, त्या मोसमात ते कोठे निजते, हा प्रश्न घरकुलाच्या कागदपत्रांत कोठेच उमटत नाही.

इतर कागदपत्रांचीही तीच तऱ्हा. १९५१ च्या मळा कामगार कायद्याने चहाच्या मळेवाल्यांवर कामगारांना घरे देण्याचे बंधन घातले होते. १९७९ च्या स्थलांतरित कामगारांविषयीच्या कायद्यात निवाऱ्याची तरतूद होती, पण ती राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरती; २०२० च्या संहितेतही व्याख्या ‘आंतरराज्य’ हीच राहिली. म्हणजे मानोऱ्याहून बेळगावकडे गेलेला ऊसतोड्या कागदोपत्री स्थलांतरित, आणि कोल्हापुरास गेलेला नव्हे. दोघांची कोपी मात्र एकच. जनगणनेची कथा याहून निराळी नाही. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली आणि पुढच्या गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरविण्यात आली. दोन्ही वेळा ऐन गळिताचा हंगाम. प्रगणक म्हणून हिंडणाऱ्या शिक्षकाला तांड्यावर कुलपे दिसतात. त्याच शिक्षकाचे हजेरीपत्रक दिवाळीनंतर विरळ होत जाते आणि हंगामी वसतिगृह किंवा शिक्षण हमी पत्रक यांच्या आधाराने तो काही मुले राखू पाहतो. मुलगी मोठी झाली, की तिला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे, या विचाराने आईबाप तिला सोबत नेतात. ही नुसती शिक्षणाची अडचण नव्हे. दाराला कडी नसलेल्या घराची ती अडचण आहे.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ साली गाजला आणि शासनाला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्या प्रकरणात डॉक्टर, मुकादम, अज्ञान यांची चर्चा पुष्कळ झाली. फडावर नळ आणि आडोसा नसणे, या साध्या गोष्टीचाही त्यात वाटा होता. पाळीच्या दिवसांत धुण्याला पाणी नाही आणि बसायला जागा नाही, तेथे औषधोपचाराच्या शिफारशी किती पुरणार?

यावर पैशाचे कारण पुढे करता येणार नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे. गाळलेल्या दर टनामागे दहा रुपये कारखान्यांनी आणि तितकेच शासनाने त्यात घालावेत, असे ठरलेले आहे. पाच लाख टन गाळप करणाऱ्या एका कारखान्याचे याप्रमाणे ५० लाख रुपये होतात, शासनाचा वाटा धरून एक कोटी. एवढ्या रकमेत मुक्कामाच्या ठिकाणी जोती, पाण्याच्या टाक्या, दिवे आणि स्त्रियांसाठी शौचकूप हंगामापूर्वी उभे करणे हे काही अचाट काम नव्हे. फायबरग्लासच्या टाक्या आणि फिरती शौचालये बाजारात मिळतात. ती ट्रॉलीवर घालून एका फडावरून दुसऱ्यावर नेता येतात. साखर आयुक्त दर हंगामाला कारखान्यांना गाळप परवाना देतात. शेतकऱ्यांची थकलेली देणी हा विषय त्या परवान्याशी जोडला जातो. मुक्कामाची जागा सज्ज असल्याचा दाखलाही त्याच परवान्याशी जोडावा, एवढीच मागणी आहे. त्यासाठी नवा कायदा होईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही.

यावर दोन आक्षेप येतील. ऊसतोडणी यंत्रे येत आहेत, मग हा खर्च कशाला, असे कारखानदार म्हणतील. यंत्रे येत आहेत हे खरे. परंतु लहान तुकड्यांच्या, ओल्या रानाच्या फडात अजून कोयताच चालतो, आणि चालतो तोवर कोयत्याला निवारा लागतोच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोपी सुधारली तर स्थलांतर कायमचे होईल, खरे उत्तर वाशीममध्येच पाणी आणि काम देणे हे आहे, असे काही कार्यकर्ते म्हणतात. ते अंतिम उत्तर आहे याबद्दल वाद नाही. पण त्या उत्तराची वाट पाहत एक पिढी कोपीतच वाढली, आणि तिची मुले आज कोयता धरीत आहेत.

राहता राहिला कोपीच्या कवचाचा प्रश्न. फायबरग्लासची अंडी वाटावीत, असे कोणी सुचविण्याचे कारण नाही. ती महाग, उन्हात तापणारी, आणि पेटली तर विषारी धूर सोडणारी. त्यापेक्षा बांबूची कमान जाणणाऱ्या तांड्यावरील म्हाताऱ्यांना आणि एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला एकत्र बसवावे. माणूस उभा राहील इतकी उंच, सहज न पेटणाऱ्या आच्छादनाची, दाराला कडी असलेली, आणि घडी करून ट्रॉलीच्या एका कोपऱ्यात मावणारी कमान तयार होऊ शकेल. ती कुटुंबाच्या मालकीची असावी. मुकादमाची नको आणि कारखान्याचीही नको. नाही तर निवाराही उचलीच्या हिशेबात धरला जाईल. हंगाम संपून चैत्रात कुटुंब परतले, की तीच कमान घरकुलापुढे रोवून २६९ फुटांची पडवी होईल. पावसाळ्यात तिच्याखाली शेळ्या बांधता येतील, सोयाबीनची पोती रचता येतील, आणि दहावीतल्या मुलीला अभ्यासाला बसता येईल.